‘साधा ऑक्सिजनच तर आहे!’

महोदय,

गेल्या रविवारी पेपरच्या घडीतून एक पत्रक पडले. ‘हायपरबेरिक ऑक्सिजन घ्या, दहा वर्षांनी तरुण व्हा.’ खाली यादी: सुरकुत्या, केसगळती, संधिवात, मुलांची स्वमग्नता. पहिल्या बैठकीला सवलत.

हायपरबेरिक म्हणजे बंद पेटीत बसवून जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देणे. ही पेटी आमच्या घराने जवळून पाहिली आहे. मधुमेहामुळे यजमानांच्या पायाची जखम हाडापर्यंत गेली, तेव्हा धंतोलीतल्या डॉक्टरांनी हे उपचार सुचवले. रोज दीड तास, अशा तीस बैठका. पारदर्शक नळकांडे, आत नेहमीच्या जवळजवळ अडीच पट दाब. दाब चढू लागला की कान ठणकतात. मग तंत्रज्ञ बाहेरून टकटक करून नाक दाबून फुंकायची खूण करायचा. पहिल्या दिवशी तर त्याने यांना घरी परत पाठवले, केसांना खोबरेल होते म्हणून. मी जाम वैतागले होते. पण आत शुद्ध ऑक्सिजन; तिथे तेल, मोबाइल, टेरिकॉटचा शर्ट काहीच चालत नाही. छातीचा एक्स-रेही आधीच पाहिला होता. पाय वाचला, अर्थात रोजचे ड्रेसिंग आणि इन्सुलिन होतेच.

1960 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या डॉ. बोरेमा यांनी डुकराच्या पिलांच्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढून घेतल्या, तरी तिप्पट दाबाखाली ती जगली. ऑक्सिजन रक्तद्रवातच विरघळून पोचत होता. गॅस गँगरीन, शेगडीच्या धुराची विषबाधा यांवरचे उपचार याच तत्त्वावर चालतात. मात्र त्याआधी 1928 मध्ये क्लीव्हलंडला डॉ. कनिंगहॅम यांनी 64 फूट व्यासाचा पोलादी गोळा उभारून मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्यांवर दाबाची हवा चालवली होती. डॉक्टरांच्या संघटनेने मागितलेला पुरावा आलाच नाही, गोळा महायुद्धात भंगारात गेला. पत्रकवाले या घराण्यातले.

मी त्या नंबरवर फोन केला. वय विचारले, पैसे कधी भरता तेही विचारले. एक्स-रे लागेल का? ‘नको काकू, साधा ऑक्सिजनच तर आहे!’ जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका केंद्रात अशाच पेटीत आग लागून पाच वर्षांचा मुलगा दगावला.

महापालिकेच्या आरोग्य आणि अग्निशमन विभागांनी शहरातल्या अशा पेट्या एकदा मोजाव्यात, आणि कुठल्या आजारासाठी कोणाच्या देखरेखीखाली बसवतात ते दारावर मराठीत लिहायला लावावे. पत्रके पेपरात विक्रेते घालतात, आपण नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी त्यांच्याशी एकदा बोलून पाहा.

एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर