गोवराचा दुसरा डोस फडावर चुकतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गळीत हंगाम तोंडावर आला आहे. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या शिरोळ, हातकणंगले, करवीरमध्ये उतरतील. सोबत कडेवरची लेकरेही येतील. गेल्या हंगामात अशाच एका खोपीत एका आईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाळाचे लसीकरण कार्ड काढून दाखवले. 9व्या महिन्याच्या गोवर-रुबेला लशीपुढे गावाकडची तारीख होती, पुढचा रकाना कोरा. ‘एक झालाय की, आता आनि कशाला?’ हा प्रश्न मी राजारामपुरीतल्या शिकल्यासवरल्या घरांतही ऐकते.

9व्या महिन्यात बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने, अँटिबॉडी) थोडीफार शिल्लक असू शकतात. लशीतला दुबळा केलेला विषाणू ती निकामी करतात आणि बाळाच्या स्वतःच्या पेशींना त्याची ओळखच होत नाही. पहिल्या डोसानंतर 100पैकी साधारण 15 बाळे अशी कोरीच राहतात. ती कोणती, हे वरून कळत नाही. म्हणून 16 ते 24 महिन्यांत दुसरा डोस सगळ्यांना द्यायचा.

‘गोवर येऊन गेला की पोर घट्ट होतं’ हा समज तर फारच महागात पडतो. गोवराला ते घट्ट होते हे खरे, पण हा विषाणू स्मृतिपेशींनाच गाठतो. आधीच्या आजारांची ओळख जपणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या ह्याच. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचे गोवराआधीचे आणि नंतरचे रक्त तपासले, तेव्हा इतर जंतूंविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. 2019 मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुरळ आठवडाभरात मावळते, पण न्यूमोनिया, जुलाब यांच्याशी ते पोर पुढे कितीतरी महिने कमी बळाने झुंजते. लशीने असे नुकसान होत नाही.

गोवराचा एक रुग्ण 12 ते 18 जणांना लागण करू शकतो. खोपीला खोप चिकटलेल्या तळावर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

माझी मागणी साधी आहे. टोळीची नोंद करतानाच कारखान्यांनी मुकादमाकडून 2 वर्षांखालच्या मुलांची यादी घ्यावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी. लसीकरण तळावरच, संध्याकाळी ठेवावे. आई पहाटेच कोयता घेऊन फडात गेलेली असते. कार्ड दुसऱ्या जिल्ह्याचे आहे किंवा हरवले आहे, म्हणून कुणाही बाळाला परत पाठवू नये.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, कोल्हापूर