मामाची ट्रंक

कुडाळ,
दिवाळीच्या आधीचा रविवार

प्रिय बाय,

परवा फोनवर तू विचारलंस, "मामाच्या ट्रंकेचं काय केलंस?" आणि मी "बघू गो" म्हणून तुझ्या पोरांच्या परीक्षेकडे वळले. खरं म्हणजे त्याच दिवशी सकाळी ती उघडली होती. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले आहे. अक्षर बिघडलंय माझं, लावून घे.

ट्रंक तीच, हिरव्या पत्र्याची. कुलूप कधी धड लागायचं नाही म्हणून कडीला सुतळी बांधलेली. उघडल्याबरोबर खोबरेल तेलाचा आणि सफेद्याचा वास आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गंगावन, बांगड्यांचा डबा, तळहाताएवढा आरसा, खाली घडी घातलेली सहा पातळं. कमरपट्ट्याचे खडे पडलेत, त्या जागी माझ्या दादाने, तुझ्या मामाने, कपाळाला लावायच्या टिकल्या चिकटवल्यात. बत्तीच्या उजेडात कोणाला कळणार होतं म्हणा.

तुला मामा आठवतो तो पंचा गुंडाळून कुळथाच्या वाफ्यात बसलेला म्हातारा. मे महिन्यात तुम्ही यायचात तेव्हा त्याच्या दशावतारी नाटकांचा हंगाम संपत आलेला असायचा, आणि मुंबईची पोरं रात्री जागायला तयार नसत. दोन-तीन नाटकं पाहिली असशील, त्यातही संकासुर गेला की माझ्या मांडीवर झोपायचीस. म्हणून त्याने रंगवलेली तारामती, हरिश्चंद्राची राणी, तू कधी पाहिलीच नाहीस. याचं मला वाईट वाटतं, तुझा दोष नाही.

दादा तेराव्या वर्षी दशावताराच्या नाटक कंपनीत गेला, १९६० साली. तेव्हा आपला जिल्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग व्हायला अजून एकवीस वर्षं होती. पहिल्यांदा उभा राहिला तो गणपतीच्या बाजूची रिद्धी म्हणून. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, रिद्धी-सिद्धीला बोलायचं काही नसतं, गणपतीला वारा घालत राहायचं. मग शारदा येऊन नाचते, भटजी येतो, वेद पळवणारा काळा संकासुर मालवणीतून सगळ्यांची टर उडवतो, आणि मध्यरात्र उलटली की आख्यान लागतं. दोन वर्षांत दादा आख्यानात स्त्रीपार्टी झाला आणि पुढे पन्नासेक वर्षं तेच केलं. द्रौपदी, मंदोदरी, कयाधू, सगळ्यात जास्त वेळा तारामती.

लेखी नाटक नसतं, हे तुला ठाऊक आहे का? संध्याकाळी मालक दहा-बारा जणांना बसवून सांगतो, आज हरिश्चंद्र, तू राजा, तू राणी, तू विश्वामित्र. एवढंच. काय बोलायचं ते ज्याने त्याने उभ्या उभ्या. सातवीत शाळा सोडलेला माणूस रात्री दोन वाजता राजसभेतलं मराठी घडाघडा बोलतो, ते येतं कुठून? आमच्याकडे आलं ते आईकडून. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चातुर्मासात रोज रात्री दादाकडून ती श्रीधराच्या पोथ्या वाचून घ्यायची, हरिविजय, पांडवप्रताप, रामविजय. अडखळला की ती पुढची ओवी पाठ म्हणायची. वाचणारा तो, पण पोथी तिची.

त्याचं रंगणं मी लहानपणी जवळून पाहिलंय. देवळाच्या मागच्या पडवीत दिवा ठेवून बसायचा. दाढी दोनदा, एकदा सरळ आणि एकदा उलटी. मग तोंडाला तेल, त्यावर सफेदा आणि पिवडी खलून. काजळाने भुवया, तेलात कालवलेलं कुंकू ओठांना. आमच्याकडे रंगवायला वेगळा माणूस नसतो, ज्याचं तोंड त्याने रंगवायचं. शेवटी भिंतीला पाठ लावून नऊवारी नेसायचा, पदराचं टोक दातात धरून निऱ्या करायचा. त्याच्या निऱ्या इतक्या सारख्या पडायच्या की गावातल्या नवऱ्या मुलीला नेसवायला आई त्यालाच हाक मारायची. मलासुद्धा नेसायला त्यानेच शिकवलं. पुढे मांडात, म्हणजे खेळाच्या जागेत, एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर.

पहाटे दहिकाला झाला की तेलाने रंग काढायचा, पण पापण्यांत काजळ राहायचंच. तशाच डोळ्यांनी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट. 'रात्री राजा, सकाळी कपाळावर बोजा' असं दशावताऱ्यांना म्हणतात ना, ते अगदी तसंच होतं. दादाचं मात्र राणी आणि बोजा. शाळेतल्या पोरी मला चिडवायच्या, "तुजो भाव बायल." मी रडत घरी यायचे, आणि तो काजळातल्या डोळ्यांनी हसायचा.

आता जे कधी कोणाला सांगितलं नाही ते लिहिते. १९७६ साली माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी विचारलं, भाऊ काय करतो. मी पटकन म्हणाले, शेती करतो. खोटं नव्हतं, पावसाळ्यात शेतीच करायचा. पण नाटकाचं गाळलं. दादा पलीकडे पान लावत बसला होता, त्याने सुपारी कातरायची थांबवलीसुद्धा नाही. लग्नात तो मागच्या पंगतीत बसला आणि जेवून वाढायला उभा राहिला. मला कधीच काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी त्यांच्या कंपनीचा खेळ मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये लागला. सगळी गिरणीतली आपली माणसं, खच्चून भरलेलं थिएटर. सासूबाई म्हणाल्या, चल. पोटात गोळा आला माझ्या. काय सांगू, कसं सांगू, या विचारात पूर्वरंग कधी संपला कळलं नाही. तारामती आली आणि मी खाली मान घातली. सासूबाईंनी माझ्या मांडीवर थापटलं. "गो, वर बघ. तुजो भाव हा तो. आमका लग्नाआधीच ठावक होता. त्याची तारामती मी तीन येळा बघलंय, म्हणान तर तुका केलंव." तुझी आजी कडक म्हणून तू घाबरायचीस. तिची ही बाजू तुझ्यासाठी लिहून ठेवते.

आई गेली १९९१ मध्ये. वर्षाच्या आत मी गावी आले होते, शेजारच्या वाडीत जत्रा होती. सुतकानंतर दादाने पुन्हा तोंडाला रंग लावला होता. हरिश्चंद्रच होतं. काशीच्या बाजारात विकली गेलेली तारामती ब्राह्मणाच्या घरी दासी होते, केर काढते, पाणी भरते. केर काढताना ती वाकली आणि उठताना डावा हात कमरेच्या मागे टेकून, क्षणभर थांबून, मग सरळ झाली. पदराने तोंड पुसलं ते हनुवटीखालून वर.

बाय, ती आई होती. लावणीला दिवसभर चिखलात वाकून उठताना ती अशीच उठायची. तोच डावा हात, तेवढाच वेळ. दादाने रचून केलं की आपसूक झालं, मला माहीत नाही. बाकी मंडळी विश्वामित्राला शिव्या घालत होती, माझ्या शेजारची बाई भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मी तोंडात पदर कोंबून बसले. पहाटे त्याला विचारलं, तू मुद्दाम केलंस? तो तेलाने गाल पुसत होता. म्हणाला, "लोकांका वाटता बायल म्हणजे लचकणा. बायलेची कमर दुखता गो." पुढे काही बोलला नाही.

शेवटच्या काही वर्षांत त्याच्या मानधनासाठी मी खूप खेटे घातले. म्हाताऱ्या कलावंतांना शासन मानधन देतं, पण एका कार्यालयात त्याला विचारलं, कलाकार असल्याचा पुरावा काय? करार दाखवा, कात्रणं दाखवा. दशावतारी माणसाकडे कसला करार? नाईट, म्हणजे त्या रात्रीचे पैसे, मिळाली, मुठीत घेतली, संपलं. दादा खुर्चीतून उठला आणि त्या साहेबांसमोर दोन पावलं चालून दाखवली, तारामतीची. साहेब हसले, पण कागद लागतो म्हणाले. शेवटी मालकाच्या दाखल्यावर काम झालं. मिळालेल्या पहिल्या पैशातून त्याने काय आणलं असेल? बांगड्या. रंग सोडून चार वर्षं झाली होती.

मग अर्धांगाने डावा हात गेला. कंपनीतला एक पोरगा, विशीतला, संध्याकाळी अंगणात येऊन बसायचा. हल्ली नाटकात ट्रिकसीन असतात, धूर काय, आगीचे लोळ काय. लोकांना आवडतात, आवडोत. मला ते बघताना बाकडं आठवतं. पण हा पोरगा वेगळा. दादा खाटेवर पडून त्याला केर काढायला लावायचा. खराखुरा केर, अख्खं अंगण. "वाक. आता उठ. असो नाय, घाई कित्याक? दुखू दी कमर." पोरगा पुन्हा वाकायचा. आंब्याची पानं पडायची, पुन्हा झाडायचा. मला वाटायचं, बरं आहे, माझं अंगण तरी साफ होतंय. आषाढात, लावणी चालू असताना दादा गेला, ते तुला माहीतच आहे. खांदा द्यायला शेतातून माणसं आली ती पोटऱ्यांपर्यंत चिखलाची.

ट्रंकेत तळाला एक पातळ निघालं, हिरवं, लाल काठाचं. आईचं आहे की कंपनीत घेतलेलं, मला सांगता येईना. दोन्ही टोकं जवळून बघितली. पदर विरलाय, सेफ्टी पिनांची भोकं आहेत. आई पिना लावत नसे. पण नंतर त्यानेही लावल्या असतील. ते मी बाजूला ठेवलंय. बाकीची पाच, गंगावन आणि कमरपट्टा मी त्या पोराला दिला. तुला विचारायला हवं होतं का? तुला एखादं हवं असतं तर माफ कर, पण सुतळी सोडली तेव्हा तो दारातच उभा होता, आणि मला दुसरं काही सुचलं नाही.

यंदा हंगाम सुरू झाला की त्याला तारामती मिळणार, असं मालक म्हणाले. त्रिपुरारी पौर्णिमेनंतर आपली जत्रा आहे. रजा टाक आणि ये. आख्यान एक वाजल्याशिवाय लागत नाही, तेव्हा आल्या दिवशी दुपारी झोपून घे. मी तुला मांडीवर झोपू देणार नाही या वेळी. पोरांना स्वेटर आण, मांडात पहाटे गारठा असतो. आणि येताना डोंबिवलीहून चांगल्या सेफ्टी पिनांची दोन पाकिटं घेऊन ये, इथल्या गंजतात.

तुझी,
आई