‘इमॅजिन’ला दोन गीतकार आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील ‘बीटल्स’ या इंग्लिश बँडचे गायक-गीतकार जॉन लेनन यांच्यावरचा लेख आवडीने वाचला. मात्र त्यात जपानी चित्र-कलावंत योको ओनो यांची ओळख ‘लेननची पत्नी’ एवढीच राहिली आहे आणि ‘इमॅजिन’ हे गीत एकट्या लेनन यांच्या नावावर जमा झाले आहे. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. म्हणून हे पत्र.

दुसऱ्या महायुद्धात १९४५ मध्ये टोकियोवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा बारा वर्षांच्या योको भावंडांसह खेड्यात राहायला गेल्या. खायला पुरेसे नव्हते. भूक लागली की उताणे पडून आभाळाकडे पाहत त्या धाकट्या भावाबरोबर जेवणाचे बेत आखत. हीच कदाचित आपली पहिली कलाकृती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९६४ मध्ये टोकियोत निघालेल्या त्यांच्या ‘ग्रेपफ्रूट’ या छोट्या पुस्तकात नेमके हेच आहे : चित्र नाही, चित्राच्या सूचना आहेत. ढगांतून पाणी ठिबकते आहे अशी कल्पना करा आणि ते साठवायला बागेत खड्डा खणा, अशी त्यातली एक सूचना. कलाकृती अर्धी लिहायची आणि उरलेली वाचणाऱ्याच्या मनावर सोडायची, ही त्यांची रीत लेनन भेटण्याच्या आधीची आहे. लंडनच्या इंडिका गॅलरीत १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये लेनन योकोंच्या प्रदर्शनात मांडलेल्या शिडीवर चढले, छताला टांगलेले भिंग हातात घेतले आणि वर इवल्याशा अक्षरांत ‘येस’ एवढाच शब्द वाचला. त्या होकारामुळेच आपण तिथे थांबलो, असे ते सांगत.

‘इमॅजिन’ १९७१ चे. त्यातील ‘कल्पना करा’ हा आग्रह कुठून आला, हे वरील सूचना वाचल्यावर वेगळे सांगायला नको. खुद्द लेनन यांनी ६ डिसेंबर १९८० रोजी बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत कबूल केले होते की, या गाण्याला दोघांचे नाव असायला हवे होते, कल्पना योकोच्या पुस्तकातली होती आणि पुरुषी अहंकारापायी आपण ते नाव गाळले. दोनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये घराच्या दाराशी त्यांची हत्या झाली. अमेरिकेतील संगीत प्रकाशकांच्या संघटनेने योको यांना सहगीतकार म्हणून जाहीर केले ते २०१७ मध्ये! (आपल्याकडेही गवयाच्या मागे तंबोऱ्यावर बसलेल्या पत्नीचे नाव जाहिरातीत शोधावे लागते, तेव्हा परक्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.)

पतीनंतरचे त्यांचे कामही शोकाच्या नेहमीच्या चाकोरीतले नाही. १९८१ च्या ‘सीझन ऑफ ग्लास’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर खिडकीपाशी ठेवलेला लेनन यांचा रक्ताळलेला चष्मा आहे, शेजारी अर्धा भरलेला पाण्याचा पेला, मागे धूसर सेंट्रल पार्क. लोकांना ते अभद्र वाटले, विक्रेते कुरकुरले. योकोंनी चित्र बदलले नाही. मला ते त्यांच्या जुन्या सूचनांसारखेच वाटते. त्यात माणूस नाही, रडणे नाही, आणि तरीही काचेआडचे डोळे पाहणाऱ्याला आठवावेच लागतात.

आइसलंडमधील विडे बेटावर २००७ पासून त्यांनी उभारलेला प्रकाशाचा स्तंभ दरवर्षी ९ ऑक्टोबरला, म्हणजे लेनन यांच्या जन्मदिनी, लागतो आणि ८ डिसेंबर या मृत्युदिनापर्यंत रोज रात्री तेवतो. इथेही दगडाचा पुतळा नाही. आभाळाकडे जाणारा उजेड तेवढा आहे.

आपल्या दैनिकात यापुढे ‘इमॅजिन’चा उल्लेख येईल तेव्हा गीतकार म्हणून दोन्ही नावे छापावीत, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सांगली