मांडव, परडी आणि खड्डा

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरच्या द्राक्षवेलींचा फोटो पाहिला. "ही बाग आहे की कुणी रानात परड्या मांडून ठेवल्यात?" असं तू विचारलंस. ती बागच आहे, आणि चांगली जुनी. तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला: आपण द्राक्षाच्या मांडवावर एवढा पैसा ओततो, मग जगभर मांडव का दिसत नाही?

उत्तराची सुरुवात सूर्यापासून करू. आपलं नाशिक २० अंश अक्षांशावर. २३ सप्टेंबरला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून ७० अंश वर असतो, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर नेमका डोक्यावर. त्या उन्हात पानांचं आडवं छप्पर हवं आणि घड खाली सावलीत लोंबायला हवेत, म्हणून मांडव. छप्पर दाट झालं की काय होतं ते तुला माहीतच आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना ऊन मिळालं नाही तर काडीत घड धरत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये नुसती वांझ फूट निघते. सावली हवी, पण गाळलेली.

आता जर्मनीतली मोझेल नदी बघ. अक्षांश ५०. त्याच २३ सप्टेंबरला, म्हणजे तिकडे द्राक्षात गोडी भरायच्या दिवसांत, दुपारचा सूर्य जेमतेम ४० अंशांवर. सपाट रानावर ऊन तिरकं पडतं आणि पसरून पातळ होतं. पण दक्षिणेकडे तोंड असलेल्या ५० अंशांच्या उतारावर तेच ऊन काटकोनात लागतं. म्हणून तिथल्या लोकांनी नदीकाठचे कडे धरले. ब्रेम गावाजवळचा कालमोंट काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत उभा आहे. ४५ अंश म्हणजे पुढे एक मीटर गेलं की वरही एक मीटर, यावरून अंदाज घे. जमीन पाटीच्या दगडाची. काळसर चिपा दिवसभर तापतात आणि रात्री वेलीला ऊब देतात.

अशा जागी तार ओढली तर माणसाला आडवं चालता येत नाही. म्हणून कितीतरी जुन्या बागांत प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब असतो. दोन काड्या राखायच्या, एक डावीकडे नि एक उजवीकडे खाली वाकवून खांबाला बांधायच्या; समोरून बदामाचा आकार दिसतो. वेलीभोवती चारी बाजूंनी फिरता येतं. ट्रॅक्टर चढत नाही, सामान एका रुळावरच्या छोट्या गाडीने जातं. पावसाने माती आणि चिपा खाली घसरतात, त्या पुन्हा वर न्याव्या लागतात. मजुरी परवडत नाही म्हणून कित्येक उतार सोडून दिले गेले, आणि सोडलेल्या उताराची दगडी ताल ढासळली की खालच्या बागेलाही धोका. हे वाचून मला फार वाईट वाटतं.

तुझी परडी म्हणजे 'कुलूरा'. सँटोरिनीवर ऊन भरपूर, पाऊस अगदी कमी, आणि उन्हाळ्यात उत्तरेचा वारा ज्वालामुखीची रेती उडवत येतो. उभी वेल तिथे टिकत नाही. हिवाळ्यात छाटणीच्या वेळी गेल्या वर्षीच्या लांब काड्या राखतात, एकमेकींत पीळ देऊन जमिनीलगत गोल विणतात, आणि दर वर्षी आणखी एक वेढा चढतो. घड परडीच्या आत, वाऱ्यापासून आणि उन्हापासून लपलेले. अनेक दशकांनी परडी इतकी लांबते की मुळापासून घडापर्यंत रस पोचायला वेळ लागतो आणि माल घटतो. मग सगळी परडी कापून टाकतात आणि जुन्या मुळावरच्या फुटीपासून नवी विणायला घेतात. मूळ तेच, जुनं. युरोपभर फायलोक्सेरा या किडीने मुळं खाल्ली, बहुतेकांना अमेरिकी खुंटावर कलम करावं लागलं. इथल्या रेतीत चिकणमाती जवळजवळ नाही, त्यामुळे ती कीड वाढली नाही. आपण डॉगरिजचा खुंट लावतो तो क्षारांसाठी आणि कमी पाण्यासाठी, कारण वेगळं आहे हे लक्षात ठेव.

स्पेनच्या लान्सारोते बेटावर तर परडीही पुरत नाही. १७३० ते १७३६ मध्ये ज्वालामुखीने सुपीक रान राखेखाली गाडलं. ला हेरिया भागात लोकांनी राखेत वाटीसारखे खड्डे खणले, खालची जुनी माती लागेपर्यंत, आणि तळाशी एकेक वेल लावली. वाऱ्याच्या अंगाला दगडांची अर्धगोल भिंत. राख रात्रीचं दव शोषते आणि दिवसा ओल उडू देत नाही, म्हणजे आपल्या आच्छादनाचंच काम. मात्र एका हेक्टरात वेली काही शेच मावतात, आणि खड्ड्यांमुळे यंत्र आत जातच नाही.

थंडीचं टोक बघायचं तर चीनमधलं निंगशिया. हिवाळ्यात पारा उणे २० च्या खाली जातो, हवा कोरडी, उघडी वेल मरते. म्हणून पानगळीनंतर छाटणी करून वेल तारेवरून सोडवतात, आडवी करतात आणि मातीत पुरतात. एप्रिलमध्ये उकरून पुन्हा बांधतात. खोड सरळ वाढवलं तर वाकवताना मोडतं, म्हणून ते पहिल्यापासून तिरपं ठेवतात. ओळींत तीनएक मीटर अंतर लागतं, कारण पुरायची माती तिथूनच घ्यायची असते. लवकर उकरलं तर उशिराची थंडी फूट जाळते, उशीर केला तर डोळे मातीतच फुटतात आणि काढताना तुटतात.

मांडव मात्र एका ठिकाणी तुला ओळखीचा वाटेल: जपानचं यामानाशी. तिथे कारण ऊन नाही, पाऊस आहे. दमट हवेत वेल माजते, म्हणून तिला पसरायला जागा देतात आणि घड जमिनीपासून उंच, वारा खेळेल असे ठेवतात. शिवाय घडांवर मेणकागदाच्या टोप्या घालतात. आपण पेपर लावतो तो पिंक बेरी, म्हणजे मणी गुलाबी पडणं, टाळायला, ते लावतात पाणी ओघळून जावं म्हणून.

आता तुझ्या नव्या प्लॉटबद्दल. फ्रान्सच्या मेडॉकसारखी एक मीटर बाय एक मीटर लागवड, म्हणजे एकरी चार हजार वेली, आणि पानांची उभी भिंत तुला करायची आहे. ती वाइनसाठी आहे: बारीक मणी, वेलीमागे थोडाच माल. तुला १८ मिलिमीटरचा मणी हवा. नऊ बाय पाच फुटांवर एकरी ९६८ वेली बसतात, तेच ठेव. मांडवाचा खर्च जड वाटत असेल तर वाय आकाराचा आधार घे, ओळी उत्तर-दक्षिण काढ, आणि पश्चिमेच्या बाजूची पानं विरळणीत उघडी करू नकोस; दुपारनंतरचं ऊन थेट मण्यावर आलं की चट्टा पडलाच. वायचे अँगल घेण्याआधी ओळींची दिशा कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
विनायक