रीळ पळवू नकोस

प्रिय मध्या,

चार महिने उत्तर नाही, हे कबूल. शिव्या भेटल्यावर घाल. बीपी गोळीने ताब्यात आहे.

शऱ्याकडून कळलं की मंडळात 'मोत्स्नी च्वोव्येक' लावतोयस. दिग्दर्शक हेन्रिक शारोचा पोलिश मूकपट, 1929 चा. सुमार पत्रकार बिएलेत्स्की आजारी मित्राला मॉर्फिन देऊन वाटेला लावतो आणि त्याचं हस्तलिखित आपल्या नावावर छापतो. माझी कवितांची वही अजून तुझ्या माळ्यावर आहे, तेव्हा तुझी ही निवड मला जरा संशयास्पदच वाटते.

पण "लोक कंटाळतात" म्हणून तू तो जोरात पळवणार म्हणे! फाळक्यांच्या रिळांवरून इतकं भांडलो, तरी तुझं तेच. हजार फुटांच्या रिळात सोळा हजार फ्रेम असतात. सेकंदाला 20 ने ते तेरा मिनिटं वीस सेकंद चालतं, 24 ने अकरा मिनिटांत संपतं. गेलेली दोन मिनिटं कुठली? बिएलेत्स्की बाटलीकडे बघत थांबतो, तीच. बिएलेत्स्की झालेला ग्रिगोरी ख्मारा मॉस्को आर्ट थिएटरचा नट; त्याचा सगळा अभिनय त्या थांबण्यात आहे. पळवलास तर खुनी माणूस विदूषक दिसेल. शिवाय मधल्या संवादांच्या पाट्याही सहाव्या हिश्शाने आखडतात, आणि तुझे ते पेन्शनर चष्मा शोधेपर्यंत पाटी गेलेली असते.

फाइल आली की आधी वेग तपास. चालण्यावर जाऊ नकोस, नट मुद्दाम भरभर चालतात. पडणारं पाणी, सिगारेटचा धूर, कोटाची लोंबती कड बघ. त्यांना अभिनय येत नाही. जुनी फिल्म 20 ची असेल, तर 24 च्या फाइलमध्ये दर पाच फ्रेममागे एक दोनदा आलेली असते. अशी फाइल बरोबर आहे, तिला हात लावू नकोस. पाच फ्रेमच्या पाचच असल्या, तर चित्र पळतंय.

मराठी पाटी सावकाश दोनदा वाचून होईल एवढा वेळ ठेव. पेटीवाल्याला सांग, व्हित्रोत्तीच्या कॅमेऱ्यातली प्रतिमेवर प्रतिमा दिसली की दरवेळी ठणाणा करायचं नाही. हा चित्रपट हरवला होता, 1997 मध्ये बेल्जियममध्ये सापडला. शारो मात्र 1942 मध्येच वॉर्सॉच्या घेट्टोत, नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, मारला गेला. एवढं सगळं होऊन हाती आलेलं तू घाईने उरकणार?

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीला नोकरी लागली ना? पेढे कुरिअरने चालतील.

तुझा,
अण्ण्या