खडूने लिहिलेलं वजन

भाऊ,

तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही 'बरंय बाई, येतो' म्हणून जिना उतरायला लागता. म्हणून लिहून काढते आहे. तुमची सूनबाई मोबाइलवर वाचून दाखवेल. चाळीतल्या आणि बाहेरच्या चार जणांनी वाचलं तरी चालेल, म्हणून उघडंच ठेवलं आहे. तुमचं नाव मात्र घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही.

फेब्रुवारीत मी काय उचललं होतं हे सांगायला अजून ओशाळल्यासारखं होतं. हंडा नाही, सिलिंडर नाही. ओट्याखालचा तेलाचा पाच लिटरचा कॅन. फोडणी तापत ठेवलेली, म्हणून घाईत वाकले, हात कोपऱ्यापर्यंत लांब घातला आणि ओढता ओढताच गॅसकडे वळले. कमरेत कट् झालं. गॅस बंद करण्याइतकं भान राहिलं, मग ओट्याला धरून तशीच उभी राहिले. खाली बसता येईना की सरळ होता येईना. एक्स-रेत मणका दबलेला निघाला. डॉक्टर म्हणाले हाडं ठिसूळ झाली आहेत, सहा आठवडे पट्टा लावा आणि यापुढे जड उचलायचं नाही. जड म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

लालबागची चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही, वय ७२, घरात एकटी. सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. ठाण्याहून मुलगा म्हणाला, आई, सगळं ऑनलाइन मागव. मागवलं. दहा किलो तांदूळ घेऊन आलेल्या पोराने खालूनच फोन केला, पिशवी तळमजल्याच्या जिन्याशी ठेवली आणि गेला. त्याला तरी काय बोलणार, त्याला अजून वीस घरं करायची होती. शेजारी म्हणाले, काकू, कधीही हाक मारा. मनापासून म्हणाले, खोटं नाही बोलत. पण सकाळी पाणी येतं तेव्हा ज्याची त्याची बादली भरायची असते, आणि तूरडाळीचा डबा काढून द्या म्हणून रोज कोणाचं दार वाजवायचं? दुसऱ्यांदा हाक मारताना आपलाच आवाज बारीक होतो, हे एकट्या राहणाऱ्याला विचारा.

तुम्ही तेवढे 'मी उचलतो' म्हणाला नाहीत. एका रविवारी आकड्याचा हातकाटा घेऊन वर आलात आणि म्हणालात, "बाई, तुमच्याकडं खडू असंलच."

मास्तरणीच्या घरात खडू नसेल तर कुठे असेल? मग तुम्ही स्वयंपाकघरातली एकेक वस्तू पिशवीत घालून काट्याला टांगलीत. पिठाचा डबा, ७. तेलाचा कॅन, साडेचारच्या वर. वरणभाताचा मोठा कुकर भरलेला, ५. कपडे धुण्याच्या पावडरीची पिशवी, ४. ओल्या कपड्यांची बादली, ९. ही बादली मी रोज गॅलरीत नेत होते आणि तिला कधी वजनात धरलंच नव्हतं. तुम्ही आकडा वाचायचात आणि डब्यावर खडूने लिहायचात, पोत्यावर मार्का टाकावा तसा मोठ्ठा. वीस लिटरची बादली टांगायला निघालात तेव्हा मी म्हटलं, भाऊ, राहू दे, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो हे मी पोरांना शिकवलंय. तुम्ही म्हणालात, "मग पोरास्नी शिकवलंत, आन् सोता भरून उचलताय व्हय?"

तासाभरात स्वयंपाकघर हिशेबात आलं. मग डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, सध्या दोन किलो, पुढचं नंतर बघू. म्हणजे खडूचा आकडा दोनच्या वर असला की त्या वस्तूला एकटीने हात लावायचा नाही. इतकं सोपं मला आधी कोणी करून दिलं नव्हतं.

आपण एका चाळीत तीस वर्षं राहिलो आणि तुम्ही दाणाबंदरच्या धान्यबाजारात माथाडी, म्हणजे हमाल होतात यापलीकडे मला तुमची माहिती नव्हती. पट्टा लावून बसले होते तेव्हा तुम्ही सांगायला लागलात. साताऱ्याकडच्या पाटणहून आलात, हमालांच्या टोळीत लागलात, माथाडी कायदा १९६९चा, तेव्हा तो होऊन पाचच वर्षं झाली होती. मग बाजार वाशीला गेला तसे तुम्हीही रोज वाशीला जाऊ लागलात. "फंड मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, गुडघं काय परत मिळालं न्हाईत," हे तुम्ही हसत म्हणालात, पण उठताना भिंतीला हात लावलात ते मी पाहिलं.

मला वाटायचं हमाली म्हणजे नुसतं बळ. तुम्ही सांगितलंत की पोतं एकटा माणूस जमिनीवरून पाठीवर घेतच नाही. दोघं उचलून देतात, तिसरा घेतो. आणि उचलायच्या आधी ठेवायची जागा बघायची. "उचलल्यावर जागा शोदली की माणूस गेला." मी फेब्रुवारीत नेमकं तेच केलं होतं. कॅन हातात आणि ओट्यावर कढई, पोळपाट, चिरलेला कांदा. ठेवायला वीतभर जागा नव्हती.

मग तुम्ही करून दाखवलंत. वस्तूजवळ जायचं, पाय फाकवून गुडघ्यात वाकायचं, ती पोटाशी धरायची, आणि वळायचं असेल तर कंबर नाही, पाय वळवायचे. "हात लांब केला की चार किलोचं धा व्हतंय बाई."

भाऊ, ही तरफ. सहावीला मी वर्षानुवर्षं शिकवली. टेकू, बलभुजा, भारभुजा. भार टेकूपासून जितका लांब तितकं बल जास्त लागतं. फळ्यावर सी-सॉ काढायची, पोरांकडून घोकून घ्यायची. माझी कंबर हाच टेकू आहे आणि लांब केलेला हात ही भारभुजा आहे, हे मला शिकवायला तुम्ही यावं लागलं.

आणि आता ते लिहिते, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. त्याच वर्गात, गणित न करणाऱ्या पोरांना मी म्हणायचे, शिकला नाहीत तर हमाली कराल. सगळ्याच बाई-मास्तर म्हणायचे, पण मी म्हणायचे हे खरं. तुमचा मुलगा दोन वर्षं माझ्या वर्गात होता, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर. त्याने घरी सांगितलं असेल की नाही, मला माहीत नाही. तुम्ही कधी दाखवलं नाहीत. मला माफ करा. त्यालाही माझा निरोप द्या.

आता घरची हकिगत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे गुडघा ते छाती एवढ्या पट्ट्यात जड सामान आलं. माळ्यावर आता फक्त दिवाळीचा कंदील, रिकाम्या बरण्या आणि उशांचे अभ्रे. पितळी पातेली आणि पुरणयंत्र भाचीला दिलं. पुरणयंत्र देताना थोडं जिवावर आलं, पण तिने पहिल्या पोळ्या मलाच आणून दिल्या. पाण्याच्या पिंपाला नळापासून नळी लावली. तिला वीतभर जागा लागते आणि मुळीच वजन नाही. बादली लागलीच तर उचलत नाही, जागेवरच ठेवून प्लास्टिकच्या मगाने पिंपात रिकामी करते.

सगळ्यात अवघड गेलं ते कोठीचं. आमच्या घरात वर्षाची बेगमी होती, भाऊ. मे महिन्यात गहू गच्चीवर वाळवायचे, कडुलिंबाचा पाला घालायचा, तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं. सासूबाई म्हणायच्या, कोठी भरलेली असली की घर बोलतं. पाव किलो, अर्धा किलो आणणं म्हणजे हातावर पोट असल्यासारखं वाटायचं मला. तुम्हाला हे सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात की तुम्ही लागलात तेव्हा पोती क्विंटलाची होती, पुढे पन्नास किलोची झाली. "पोतं निम्मं झालं म्हून कुणाची इज्जत निम्मी न्हाय झाली. माणसं टिकली." त्यानंतर मी वाण्याकडे जाऊन सांगितलं, तांदूळ दोन-दोन किलोच्या पिशव्यांत बांध, तेल एक लिटरच्या पिशव्या दे, आणि दोन खेपांत पाठव. किलोमागे दोन रुपये जास्त पडतात. पडू देत. एक्स-रेला किती पडले होते ते आठवतं.

सिलिंडरचं तर तुम्ही भांडणच सोडवलंत. पाइपचा गॅस आपल्या चाळीत नाही. आत गॅस १४.२ किलो, वर लोखंडी टाकीचं वजन, म्हणजे तीस किलोच्या आसपास. एजन्सीचा माणूस तळमजल्यावर उभा राहून मजल्याचे वेगळे पैसे मागायचा आणि मी गुपचूप द्यायचे. तुम्ही त्याला पावती वाचून दाखवायला लावलीत. घरपोच आणून द्यायचा खर्च किमतीतच धरलेला असतो, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. आता तो वर आणतो, सील दाखवतो, आणि तुमच्यामुळे मी टाकीवर रंगवलेलं रिकाम्या टाकीचं वजनही वाचते. खाली चाकाची चौकट आली आहे, सिलिंडर ओट्याखालून बोटाने बाहेर येतो. त्या माणसाला मी चहा देते हो, काळजी करू नका. तीस किलो घेऊन तीन मजले चढतो तोही.

आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावरचं बाकडं. तुम्ही ते कुठल्या मोडीतून आणलंत देव जाणे. पण कमरेइतकं उंच ठेवायचं, बसायला नव्हे, पिशवी टेकवायला, हे फक्त ओझं वाहिलेल्या माणसालाच सुचणार. जमिनीवर ठेवली की परत वाकून उचलायची, तिथेच कंबर जाते. आता चाळीतला प्रत्येक जण तिथे पिशवी टेकवून घटकाभर बोलतो. दुसऱ्या मजल्यावरच्यांना ते वाटेत येतं म्हणून ते कुरकुरतात, त्यांना मी बघते.

एक काम आहे. कामवाल्या मावशींनी काल ओल्या फडक्याने डबे पुसले आणि सगळे आकडे गेले. मी पुन्हा लिहिले असते, पण पिठाचा डबा काट्याला लावायचा तर आधी उचलावा लागतो. रविवारी वर या. काटा दाराआडच्या खिळ्यालाच आहे, खडूचा नवा डबा आणलाय. थालीपीठ करीन, आणि या खेपेला चहा घेतल्याशिवाय जिना उतरायचा नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची बाई