सईस पत्र: आजोबांची माळ आणि रॉम्नी

वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स
२१ ऑक्टोबर २०१२

चि. सईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, जादूची अंतर्वस्त्रं घालणाऱ्या माणसाला कोण मत देणार?" ओबामाविरुद्ध उभा असलेला रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी मॉर्मन पंथाचा, त्यांच्या अंगातल्या खास वस्त्रावरून तुझा हा टोमणा. मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र तो विनोद घशात अडकून बसला, म्हणून हे पत्र. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, हेही एक कारण आहेच.

तू सहावीत होतीस तेव्हा आजोबा इथे आले होते. आपण पोहायला गेलो आणि तिथल्या पोराने त्यांना गळ्यातली तुळशीची माळ काढायला सांगितली. आजोबांनी माळ काढली नाही. टॉवेल मांडीवर घेऊन ते दोन तास बाकावर बसून राहिले. तुझ्या वर्गातल्या दोघी त्या 'नेकलेस'वरून खिदळल्या, तर तू आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हतीस. मॉर्मन लोकांचं ते वस्त्र त्याच जातीचं आहे. देवळात दिलेल्या वचनांची आठवण म्हणून ते अंगावर बाळगायचं, एवढंच.

त्यांचा पंथ जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात १८३० साली काढला, म्हणजे धर्मांच्या हिशेबात कालचं पोर. मिसूरीच्या गव्हर्नरने १८३८ मध्ये या लोकांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर संपवा, असा हुकूम काढला होता. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात घुसून जमावाने स्मिथला ठार मारलं. तेव्हा तो स्वतःच राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता! उरलेले बैलगाड्या जोडून निघाले आणि १८४७ मध्ये आजच्या युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. बहुपत्नीत्व चर्चने १८९० मध्ये सोडलं, पण टोमणे आजही तेच.

रॉम्नी बेलमाँटचा, म्हणजे इथून गाडीने दहा मिनिटांवरचा. त्यांच्यात पगारी पुरोहित नसतो. आपल्या महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष जसा नोकरी सांभाळून गणपती बसवतो, तसा त्यांचा बिशप. फरक एवढाच की मंडळाच्या अध्यक्षाला साबुदाणा आणि स्पीकर बघावे लागतात, आणि बिशपला कुणाचं भाडं थकलंय, कुणाचा नवरा घर सोडून गेलाय, हे. रॉम्नी आधी बिशप होता, मग १९८६ ते १९९४ बॉस्टन परिसरातल्या सगळ्या मॉर्मन मंडळ्यांचा प्रमुख. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास, आणि त्या जेवणांचे वाचलेले पैसे गरिबांसाठी. तुझ्या आईचे नवरात्राचे उपवास चालू आहेत. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आपल्याकडे उपवासालाच जास्त खर्च येतो."

ऑगस्टमध्ये टॅम्पाला रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात एक म्हातारं जोडपं बोललं, ते तू ऐकलं नसशील, कारण त्या वेळी टीव्हीवाले दुसरंच काही दाखवत होते. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा कर्करोगाने आजारी होता. तरुण रॉम्नी त्याला भेटायला जायचा. तो कायदा शिकलेला, म्हणून पोराने त्याला विचारलं, माझं मृत्युपत्र लिहायला मदत करशील? रॉम्नी कागद घेऊन गेला आणि दोघांनी मिळून ते लिहिलं. स्केटबोर्ड आणि मासेमारीचं सामान मित्रांना. मी हे ऐकताना ताटावरून उठलो, खरं सांगतो.

आता मला न सुटलेलं कोडं. हाच माणूस मे महिन्यात फ्लोरिडातल्या बोका रॅटनला देणगीदारांसमोर म्हणाला की ४७ टक्के लोक स्वतःला बिचारे समजतात, सरकारवर अवलंबून असतात, त्यांची काळजी करणं माझं काम नाही. (उद्याची ओबामाबरोबरची शेवटची जाहीर चर्चा त्याच गावात आहे, योगायोग बघ.) समोर बसलेल्या पोराचा स्केटबोर्ड त्याला दिसतो, आणि न भेटलेली माणसं टक्केवारीत जातात.

धर्मावरून प्रश्न विचारूच नयेत असं मी म्हणत नाही. हा विचार: त्यांच्या चर्चने जून १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना पौरोहित्य दिलं नव्हतं. बंदी उठल्याची बातमी रॉम्नीने केंब्रिजमध्ये गाडी चालवताना रेडिओवर ऐकली आणि गाडी बाजूला घेऊन रडलो, असं तो सांगतो. माझा विश्वास आहे त्यावर. पण तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. तोवर काय बोलला? त्याचे वडील जॉर्ज रॉम्नी मिशिगनचे गव्हर्नर होते. १९६४ मध्ये चर्चमधल्या एका ज्येष्ठाने त्यांना पत्र लिहून नागरी हक्कांच्या कायद्यापासून दूर राहायला सुचवलं. जॉर्जनी ऐकलं नाही, आणि मॉर्मनही राहिले. मला तो बाप जास्त आवडतो.

कर्तबगारीबद्दल बोलायचं तर त्याच्या गुंतवणूक कंपनीवर, बेन कॅपिटलवर, तुझा मित्र तुला भाषण देतोच, मी नाही देत. सॉल्ट लेकचं ऑलिंपिक लाचखोरीने बदनाम झालं होतं. १९९९ मध्ये हा प्रमुख म्हणून गेला, २००२ मध्ये खेळ नीट पार पाडून शिल्लक टाकून आला. केंद्राचा पैसाही भरपूर लागला, हे तो कमी सांगतो.

पण आपल्या घराशी संबंध आहे तो १२ एप्रिल २००६ चा. त्या दिवशी बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये आपल्या राज्याचा तेव्हाचा गव्हर्नर रॉम्नी याने आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही केली. शेजारी डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी उभा होता, ज्याने १९९४ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत त्याला हरवलं होतं. प्रत्येकाने विमा घ्यायचा, ज्याला परवडत नाही त्याला राज्याने मदत करायची. २००९ मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा तुझ्या दम्याच्या पंपाचे पैसे त्या कायद्यामुळे मिळालेल्या विम्यातून गेले. तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. रात्री जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी आणि आई तुलना करत बसायचो, तू विचारलंस तर 'टॅक्स' म्हणायचो.

ओबामाचा देशभराचा आरोग्यविम्याचा कायदा त्याच साच्यातून निघाला, आणि रॉम्नी म्हणतो, निवडून आलो की तो रद्द करीन. राज्याचं वेगळं, देशाचं वेगळं, असं त्याचं स्पष्टीकरण. २००७ मध्ये टेक्सासला त्याने धर्मावर मोठं भाषण केलं, त्यात 'मॉर्मन' हा शब्द एकदाच आला. म्हणजे बिशप म्हणून लोकांच्या घरी जाऊन केलेलं काम हातचं राखायचं, गव्हर्नर म्हणून केलेलं सगळ्यात मोठं काम नाकारायचं, आणि उरलेल्या माणसासाठी मत मागायचं. त्याच्या पक्षाच्या मतदारांना काय आवडेल याचा अंदाज घेता घेता त्याने स्वतःचं पोरच ओळखायचं नाकारलं.

मी ओबामालाच मत देणार आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये तो जिंकणारच, इथे माझ्या मताला कोण विचारतो म्हणा; तुझ्या ओहायोत मात्र चुरस आहे, तिथे मताला भाव आहे. तुझंही मत तिकडेच जाणार, ते मला ठाऊक आहे. रॉम्नीला नाही म्हण, पण ४७ टक्क्यांसाठी म्हण, २००६ च्या त्या नाकारलेल्या सहीसाठी म्हण.

चिवडा आणि लाडू शुक्रवारी पाठवलेत. दम्याचा पंप जवळ ठेव. बुधवारी दसरा आहे, आजोबांना स्काइपवर नमस्कार कर. त्यांना मी मॉर्मन लोकांबद्दल सांगितलं होतं. दारू नाही, तंबाखू नाही, एकादशीसारखा उपवास. ते माना डोलावत होते. चहासुद्धा नाही म्हटल्यावर मात्र बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "चहा कुणी बंद केला रे? पांडुरंगाने तर नाही केला."

तुझा,
बाबा